उसवा!

मार्चची दुपार, पंखा पाचवर, गल्लीत चिटपाखरू नाही, आणि मी आरामखुर्चीत पाय वर घेऊन विणत बसलेलो. शेजारची म्हातारी ताकाचा तांब्या घेऊन आली ती दारातच थबकली.

"आबा, इतला उनमा सोटर कोन घालस?"

"सोटर नही मावशी, बंडी शे," मी म्हटलं. तिने तांब्या ओट्यावर ठेवला, आत ओरडून आमच्या मंडळींना काहीतरी सांगितलं, आणि दोघी बराच वेळ हसत होत्या.

तिचंही चूक नाही. धुळ्यात उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसवर गेला की अंगावरचा सदरा नकोसा होतो. पण हेच धुळं जानेवारीत महाराष्ट्रातल्या सगळ्यात थंड गावांच्या यादीत असतं. पाच-सहा अंशांवर पारा उतरतो आणि पांझरा नदीच्या काठाने फिरायला जाणाऱ्यांच्या नाकातून धूर निघतो. थंडीत घालायचं ते उन्हाळ्यातच विणायला घ्यावं लागतं, निदान माझ्या वेगाने.

एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं काढली. इंजिन उतरव, गिअरबॉक्स खोल, ब्रेक ड्रम घास. निवृत्त झाल्यावर भजनी मंडळाने बोलावलं, हास्यक्लबने बोलावलं. हास्यक्लबला दोन दिवस गेलो. कारण नसताना हसायला जमलं नाही.

मग एक दिवस माळ्यावरून पाण्याची जुनी मोटर काढताना आईच्या माहेरचा पेटीचरखा हाताला लागला. बंद केला की चपटी लाकडी पेटी, उघडला की आत दोन चाकं, एक मोठं आणि एक लहान, आणि एका अंगाला चाती, म्हणजे सूत पिळून गुंडाळणारी टोकदार सळई. आई सांगायची की आजोबांनी तो फैजपूरला घेतला, १९३६च्या डिसेंबरात. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. नेहरू अध्यक्ष, गांधीजी आलेले, नंदलाल बोसांनी सगळा मंडप बांबू-लाकडात सजवलेला, आणि शेजारी खादी-ग्रामोद्योगाचं प्रदर्शन. आजोबा यावल तालुक्यातून पायी गेले होते म्हणे. अधिवेशनाला ते गेले असतील, चरखा मात्र तिथलाच असेल यावर माझा पूर्ण विश्वास नाही. आमच्या घराण्यात प्रत्येक जुनी वस्तू फैजपूरची असते. तांब्याचा हंडासुद्धा.

चाकं आणि चाती जोडणारी दोऱ्याची माळ उंदरांनी खाल्ली होती. चातीला धरणारी चामड्याची बेअरिंगं वाळून चिप्स झाली होती. चाती वाकडी. हे सगळं मला ओळखीचं वाटलं. चाती काचेवर लोळवून सरळ केली, जुन्या चपलेच्या पट्ट्यातून बेअरिंग कापली, दोऱ्याला मेण लावून नवी माळ घातली. मोठ्या चाकाला खडूने खूण केली, मूठ एकदा फिरवली आणि चातीचे फेरे मोजायला बसलो. तीनदा मोजले. शंभरच्या आसपास. दोन लाकडी चाकं आणि दोन दोऱ्यांत हा रेशो! ज्याने हे डिझाइन केलं त्याला वर्कशॉपमध्ये माझ्याशेजारी बसवायला मला आवडलं असतं.

मी कातायला बसलो की भेटायला आलेला माणूस एकदम गंभीर होतो. आवाज खाली येतो, बापूजींचा विषय निघतो. धुळ्यात तर विनोबांचा निघतोच, कारण १९३२ साली इथल्या तुरुंगात त्यांनी अठरा रविवार गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. सगळं मान्य. पण मी कोणताही संकल्प वगैरे केलेला नाही. मी कातो ते मजा येते म्हणून. चातीच्या टोकावरून सूत दर फेऱ्याला निसटतं तेव्हा बारीक टकटक ऐकू येते. डावा हात मागे जातो, पेळूतून, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळीतून, धागा ओढला जातो, कुठे जाडा, कुठे बारीक, आणि पीळ आपण होऊन बारीक जागेकडे आधी धावतो. मग जाडा भाग हलकेच ताणायचा, तो बारीक होतो, पीळ तिकडे जातो. जोर केला की तुटलं. चौतीस वर्षं मी पान्याला जोर लावत आलो. पहिल्या आठवड्यात दर मीटरला धागा तुटायचा.

कापूस बहिणीच्या शेतातला, शिंदखेड्याकडचा. खानदेशात कापूस पैशाला पासरी, पण हाताने सरकी काढायला बसलं की त्याची किंमत कळते. पाटावर थोडा कापूस ठेवून लोखंडी सळई त्याच्यावरून लाटण्यासारखी फिरवायची. रुई पुढे सरकते, सरकी मागे राहते. एक किलो कापसातून साडेतीनशे ग्रॅमच्या आतच रुई हाती लागते, बाकी सरकी, आणि त्यातही पाला आणि कवडी, म्हणजे खराब कापूस, वेचून टाका. बहीण म्हणाली, "जिनिंगमधून तयार रुई आण की." पण दाबून गाठी बांधलेली रुई हाताला वेगळी लागते, कोंदल्यासारखी. पिंजायला लहानपणी दारावर पिंजारी यायचा, त्याच्या धुनकीची तार अजून कानात आहे. आता तो कुठला यायला. मी कुत्र्याचे केस विंचरायचे दोन ब्रश आणले. दुकानदाराने विचारलं, कोणती जात? मी म्हटलं, कपाशी.

कातलेलं सूत विणायला घ्यायचं ही कल्पना मात्र माझी नाही, आमच्या हिची. लग्न झालं तेव्हा ती माहेराहून विणायच्या सुया एका बिस्किटाच्या डब्यात घेऊन आली होती. दोन्ही मुलांचे सगळे स्वेटर तिने केले. आता पेरांना सूज असते, सुई धरवत नाही. आठेक वर्षं डबा बंदच होता. माझं सूत बघून ती म्हणाली, "याच्या वाती कराल तर किती कराल? द्या इकडे, वीस टाके घालून देते." टाके तिने घातले आणि सुया माझ्या हातात दिल्या.

सुयांचे नंबर बघून मला हसू आलं. दहा नंबर बारीक आणि आठ नंबर जाड. ती समजवायला लागली की नंबर वाढला की सुई बारीक होते, हे तुमच्या डोक्यात बसणार नाही. मी आतून वर्नियर आणला. दहा नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटर, आठ नंबरची चार. हे तर तारेचं गेज! एसडब्ल्यूजी, म्हणजे स्टँडर्ड वायर गेज, जसंच्या तसं. आयुष्यभर वापरलेलं माप बायकोच्या बिस्किटाच्या डब्यात पडून होतं. सुताचा हिशोबही तसाच उलटा. ८४० यार्डांची एक लडी धरली तर एका पौंडात अशा किती लड्या बसतात तो सुताचा नंबर, म्हणजे नंबर मोठा तितकं सूत बारीक. मी कातो ते सहा नंबरच्या आसपासचं, खादीवाल्यांच्या दृष्टीने सुतळीच. आणि हो, सव्वातीनच्या सुया मी आता विकत घेत नाही. वेल्डिंगचा स्टेनलेसचा ३.२चा फिलर रॉड तोडायचा, टोक घासायचं, पॉलिश पेपर मारायचा. हिच्या मैत्रिणींमध्ये त्यांना फार मागणी आहे.

सुलट टाका दोन दिवसांत आला. उलट टाक्याला आठवडा लागला. ती समोर भाजी निवडत बसायची आणि न बघता सांगायची, "चुकलं." तिला आवाजावरून कळतं असा माझा संशय आहे. मग एकच शब्द:

"उसवा."

पहिला तुकडा मी एकेरी सुताचा विणला. चौकोन विणायला घेतला आणि हळूहळू तो एका अंगाला कलायला लागला, शेवटी पतंगासारखा तिरपा. मी टाके मोजले, बरोबर. तिने हातात घेऊन बघितला. "सुतात पीळ उरलाय. तोच ओढतोय. उसवा."

म्हणून तीन धागे एकत्र पिळून तीनपेडी केलं. त्या दिवशी मी फार खुशीत होतो. ते सूत तारेसारखं कडक झालं, लडी सोडली की स्प्रिंगसारखी गुंडाळायची, सुईवर टाका बसेना. रात्री झोपेत उत्तर सापडलं. मी कातलं ज्या बाजूला पीळ देऊन, त्याच बाजूला पेड घातले होते. एकाच दिशेचे आटे! डाव्या आट्याच्या नटाला उजवीकडे पिळत बसल्यासारखं. पेड उलट दिशेने घातले की आतला जादा पीळ सुटतो आणि दोन्हींचा तोल जमतो. सकाळी चरख्याची माळ मधे पिळून आठच्या आकड्यासारखी घातली, चाती उलटी फिरायला लागली. पट्ट्यावर चालणाऱ्या जुन्या मशीनला आम्ही असंच करायचो. मग लडी उकळत्या पाण्यातून काढली, खाली वजन लटकवून वाळवली. ते सूत बोटांत मऊ आणि गप्प पडून राहिलं. हिने ते गालाला लावून बघितलं. काही बोलली नाही, पण उसवाही म्हणाली नाही.

मधे लोकरीचा एक अध्याय झाला, तो थोडक्यात सांगतो कारण त्यात माझी शोभा नाही. पावसाळा सरला की ठेलारी मेंढपाळांचे कळप आमच्या बाजूने जातात. शेतकरी खतासाठी शेतात मेंढ्या बसवून घेतात. मागच्या वर्षी एका म्हाताऱ्याशी गाठ पडली. काठी बगलेत, डोळे मेंढ्यांवर, आणि हाताने टकळी फिरवून लोकर कातणं चालू. मी अर्धा तास त्याच्याबरोबर चाललो. त्याचा धागा एकदाही तुटला नाही. मी चरख्यावर बसून तोडतो, हा ढेकळांतून चालत कातोय. लोकर विकत मागितली तर म्हणाला, कोण घेतं आता, न्या तुम्ही. गोणीभर दिली. मी चहा पाजला आणि पैसे बळेच खिशात घातले.

लोकर रिठ्याच्या पाण्यात धुतली. घरात तीन दिवस मेंढवाड्याचा वास. शंभरेक ग्रॅम मी हौसेने कडकडीत पाण्यात घालून खसाखसा चोळली, तिचा नमदा झाला, घट्ट, पायपुसण्याएवढा. लोकरीला उष्णता आणि चोळणं दोन्ही एकदम दिलं की केसांचे खवले एकमेकांत अडकतात, मग ते ब्रह्मदेवालाही सुटत नाहीत. उरलेल्या लोकरीची नातीसाठी टोपी विणली. काळी-करडी, सुंदर. तिने एकदा घातली. "आबा, टोचतंय!" घोंगडीचीच लोकर ती, टोचणारच. ती टोपी आता मी घालतो, जानेवारीत, सकाळी सहाला. मला टोचत नाही.

म्हणून बंडी सुताची. नात पुण्यात असते, पहिलीत आहे, आणि तिची अट एकच: सगळे रंग पाहिजेत. बाजारातून रंगीत लोकरीचे गुंडे आणून काम भागलं असतं. पण हिने एक दिवस सहज विचारलं, "हळदीचा डाग धुवून जात नाही, मग हळदीने रंगवलं तर?" आणि त्यानंतर आमचं मागचं अंगण महिनाभर रंगारी गल्ली झालं.

हळद फसवी निघाली. पाण्याने जात नाही पण उन्हाला घाबरते, दोरीवर चार दिवसांत फिकी. मग पळसाची फुलं. फाल्गुनात शिरपूरकडून सातपुड्याच्या पायथ्याला जा, रान पेटल्यासारखं दिसतं. पिशवीभर आणली. सुताला नुसता रंग धरत नाही, आधी हिरड्याच्या पाण्यात रात्रभर, मग तुरटीत, मग रंगात. एवढं केल्यावर पिवळा आला तो बघत राहावा असा. त्यातच चिमूटभर चुना टाकला की नारिंगी. लालसाठी धुळ्याच्या पाचकंदील भागातल्या काष्ठौषधीच्या दुकानातून मंजिष्ठ आणली. दुकानदार म्हणाला, रक्त शुद्ध होतं याने. मी म्हटलं, सूतही होतं. विटकरी लाल आला, कुंकवासारखा नाही, पण मला तोच जास्त आवडला.

काळ्याची गोष्ट मला सगळ्यात प्रिय. बरणीत गंजलेले नट-बोल्ट, गूळ आणि पाणी घालून पंधरा-वीस दिवस ठेवायचं. फसफसतं, वास मारतं. मग हिरड्यात भिजवलेलं पिवळट सूत त्या पाण्यात बुडवलं की डोळ्यांदेखत करडं, मग काळं होतं. नोकरीभर गंज काढला, आता बरणीत गंज मुरवतो. वर्कशॉपमधल्या जुन्या मित्राला फोन करून स्क्रॅपमधले नट मागितले तर त्याने कारण विचारलं. सांगितल्यावर म्हणाला, "वहिनींना दे जरा फोन."

तपकिरी केळीचा. यावल-रावेरकडच्या माणसाला सांगायला नको की केळीच्या बागेत पांढरा सदरा घालून जाऊ नये. चिकाचा डाग पडला की सदरा फाटेल पण डाग जाणार नाही. मामेभावाने खोडाचे तुकडे पाठवले, ते चिरून उकळले. पहिल्यांदा फिका गव्हाळ रंग आला. दोनदा तीनदा बुडवल्यावर चहासारखा झाला. आईच्या लुगड्यांवर हाच रंग ठिपक्याठिपक्यांनी असायचा. ते डाग काढायला ती लिंबू चोळायची.

निळा राहिला. मी हुशारी करून कपड्याची नीळ वापरली. पहिल्या धुण्यात सगळी नीळ बादलीत आणि सूत पांढरं, माझ्या बनियनपेक्षा पांढरं. खरी नीळ वेगळी, झाडापासूनची, वडीच्या रूपात येते आणि पाण्यात विरघळतच नाही. तिला गूळ आणि चुन्याबरोबर कोमट पाण्यात मुरवावं लागतं. एक भाग नीळ, दोन भाग चुना, तीन भाग गूळ. दुसऱ्या दिवशी वर तांब्यासारखी साय आली आणि खाली पाणी हिरवट पिवळं, निळ्याचा मागमूस नाही. मला वाटलं, पुन्हा फसलो. लडी हळूच बुडवली, मिनिटभर धरली, बाहेर काढली तर पोपटी. मग हवा लागली. वरच्या टोकापासून खाली निळं उतरत आलं, आमच्या दोघांच्या समोर, अर्ध्या मिनिटात. ही "अगं बाई" म्हणाली आणि लडी माझ्या हातातून घेऊन स्वतः परत बुडवली. हातमोजे नव्हते. चार दिवस दोघांचे हात कोपरापर्यंत निळे, आणि नेमकं त्याच आठवड्यात साक्रीला लग्न. पंगतीत शेवभाजी वाढणाऱ्याने माझे हात बघून वाडगं लांबूनच पुढे केलं.

पळसाची पिवळी लडी निळीत बुडवून हिरवा झाला. मंजिष्ठेची लाल बुडवून जांभळा होतो म्हणतात, माझा वांग्याच्या भरतासारखा झाला, तो मी शेवटच्या पट्ट्याला ठेवलाय.

तर अशी ती बंडी. सत्तर टाके, बॉर्डर दहा नंबरवर एक उलट एक सुलट, अंग आठ नंबरवर. मागचा भाग संपला. पुढच्या भागात पिवळा, नारिंगी, लाल, तपकिरी झाले. काल रात्री हिरवा चालू असताना ही शेजारी बसून बघत होती. एकदम तिने हात धरला. खाली लाल पट्ट्यात एक टाका निसटून शिडीसारखा सुटत आला होता. बरोबर अकरा ओळी.

मी सुई बाहेर काढायला लागलो. शब्द यायची वाट न बघता.

"थांबा," ती म्हणाली. डब्यातून क्रोशाची सुई काढली, दिव्याजवळ सरकली, आणि त्या सुजलेल्या बोटांनी खालचा टाका आकड्यात पकडून एकेक आडवा धागा त्यातून ओढत वर आली. लाल, तपकिरी, मग हिरवा. मधे दोनदा थांबून बोटं चोळली. अकराव्या ओळीला टाका पुन्हा माझ्या सुईवर ठेवला.

"हे असं पण होतं, मग मला इतके दिवस उसवायला का लावलंत?" मी विचारलं.

"तुमचा हात बसायला," ती म्हणाली आणि लाइट बंद करायला उठली.

सकाळी नातीचा व्हिडिओ कॉल आला. बंडी कॅमेऱ्यासमोर धरली. तिने एकेक पट्टा बोटाने मोजला आणि विचारलं, "आबा, गुलाबी कुठंय?"